दिवा आणि शीड

आभाळात जायची नवी रीत माणसांनी नुकतीच काढली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका उघड्या डोंगरावर लेसरचा मोठा दिवा होता. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा चकचकीत शिडावर उजेड टाकायचा आणि त्या उजेडानेच त्याला आभाळात ढकलत राहायचं, हे त्याचं काम. शिडाला ना इंजिन होतं, ना इंधन.

निघताना शीड म्हणालं, "दादा, मला अंधाराची भीती वाटते. उजेड बंद करू नकोस हं."

"भित्रं कुठलं! मी आहे ना," दिवा हसून म्हणाला.

सुरुवातीला शीड खिदळायचं, "दादा, गुदगुल्या होतात!" पुढे पुढे त्याचा आवाज बारीक होत गेला. ते घाबरलंय असं वाटून दिवा आणखी जोरात तळपू लागला.

शेवटी शेजारची म्हातारी दुर्बीण म्हणाली, "अरे वेड्या, तू त्याला सोबत करतोयस की हाकलतोयस? तुझ्या उजेडानेच ते लांब चाललंय."

दिवा दचकून विझला. "आता तरी थांबेल ना, आजी?"

"कशाने थांबेल? तिथे ना वारा, ना माती. मिळालेला वेग तसाच राहतो."

"मग मी त्याला मागे ओढतो."

"उजेडाला ढकलताच येतं रे, बाळा."

तेवढ्यात फार लांबून, जेमतेम ऐकू येईल अशी हाक आली, "दादा, अंधार झालाय. आहेस ना?"

दिव्याचा जीव कासावीस झाला. त्याचा आवाज आता तिथवर पोचत नव्हता. 'आहे' म्हणायला त्याच्याकडे उजेडाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.