एका ओळीत दोन प्रार्थना

कागदावर वर कोण आणि खाली कोण, यावरून तुम्ही कधी भरल्या पानावरून उठला आहात का?

होन्नेवाडीच्या मठात माणसं उठली होती. गाव सीमेवरचं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. गेल्या उत्सवात प्रार्थनेच्या कागदावर मराठी वर छापली आणि कन्नड खाली. "आम्ही खालचे का?" म्हणून कन्नड गल्ली न जेवता घरी गेली.

यंदा त्यांचा निरोप आला होता. दोन्ही प्रार्थना शेजारी शेजारी असतील तरच येऊ. डावी बाजू चिठ्ठी टाकून मराठीला मिळाली होती.

उत्सव दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

मठाच्या प्रमुख नीलव्वा, सगळ्यांच्या अव्वा. संन्यास घेण्याआधी त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांचा शिष्य शार्दूल, पुण्याहून आलेला इंजिनिअर. "एक छोटा प्रोग्रॅम लिहितो, चहा होईपर्यंत काम होईल," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता.

चहा होऊन गेला. दुपार झाली.

"अव्वा, तुमचा प्रिंटरच खुळा आहे."

"काय करतो?"

"मराठी छापून झाली की कन्नडसाठी पुन्हा वर जायला हवं. पण कागद मागे येतच नाही."

"मग?"

"मग दोन्ही मजकूर एकमेकांना जोडून पाहिले. तर मराठीच्या शेवटच्या ओळीला कन्नडची पहिली ओळ चिकटली. बाकीची कन्नड पुन्हा खालीच."

अव्वा हसल्या.

"हसू नका हो. नवा प्रिंटर आणू या."

"नवा वरून खाली छापणार नाही?"

शार्दूलने प्रिंटरचं झाकण लावून टाकलं.

"सगळी गल्ली तोंड फिरवेल, अव्वा. माझ्यामुळे."

"पंगत बसलीय," अव्वा म्हणाल्या. "चल, वाढायला."

सेवेकरी ओळीने बसले होते. शिवप्पा कन्नड गल्लीतले, रोज मठात येणारे. त्यांच्या शेजारी मराठी गल्लीतले तात्या.

शार्दूलने मिठाचं भांडं उचललं.

"थांब," अव्वा म्हणाल्या. "आज आधी शिवप्पांचं पान पूर्ण वाढ. मीठ, चटणी, भात, सार, गव्हाची गोड हुग्गी, सगळं. मग तात्यांकडे ये."

"अव्वा!" तात्या ओरडले. "मी काय पाप केलं?"

शार्दूलला हसू आलं. "असं कुणी वाढतं का, अव्वा? मीठ सगळ्यांना. मग चटणी सगळ्यांना. मग भात."

"का?"

"का म्हणजे? शेजारी शेजारी बसलेत ना!"

...

मिठाचं भांडं त्याच्या हातातच राहिलं.

"अव्वा... मराठीची पहिली ओळ, लगेच कन्नडची पहिली. मग खाली जायचं. मग दोन्हींची दुसरी..."

तो दाराकडे वळला.

"मीठ!" तात्या म्हणाले.

"आधी वाढून जा," अव्वा म्हणाल्या.

त्याने वाढलं. भात वाढताना तो गुणगुणत होता. सगळ्यांच्या पानावर हुग्गी पडली, दुसरा फेराही झाला आणि त्याचा हात पुन्हा थांबला.

"पण अव्वा, कन्नड दोन ओळींनी मोठी आहे. मराठी आधी संपेल. तिच्या जागी काय छापू?"

अव्वांनी नुसती मान वळवली.

तात्यांचं जेवण झालं होतं. ते रिकाम्या पानापुढे मांडी घालून बसले होते. शिवप्पांचा भात अजून चालला होता.

"तात्या उठले का?" अव्वा म्हणाल्या.

शार्दूलने खाली वाकून दोघांना नमस्कार केला आणि कॉम्प्युटरच्या खोलीकडे धावला. दिवेलागणीच्या आत कागद छापून झाले; शेवटच्या दोन ओळींत मराठीची जागा कोरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्नड गल्ली मुलाबाळांसह आली. सगळ्यांनी एकदम प्रार्थना म्हटली. मराठी दोन ओळी आधी संपली, आणि कन्नड संपेपर्यंत मराठी माणसं हात जोडून बसून राहिली.