करवंटीचं कासव

समुद्र गावाच्या आणखी जवळ होता, तेव्हाची ही गोष्ट. कासवखोल गावात चांगुणा मेस्तीण राहायची. मेस्त म्हणजे सुतार. मोठी कामं नवरा बाबुली करायचा, पण बारीक नक्षी हिच्याच हातची. बाई मात्र भारी भित्री. पाल चुकचुकली तरी हातातली पटाशी गळून पडायची, असं म्हणतात.

त्या काळी फरासिसांचं, म्हणजे फ्रान्सच्या लोकांचं, एक गलबत बंदराला लागलं. त्यांनी गडकऱ्याला एक कपाट नजर केलं. दारांवर पितळी पत्र्यात कासवाच्या पाठीचे तुकडे जडवून वेली नि पक्षी काढलेले. असली कपाटं तिकडे राजाच्या महालातच असतात म्हणे.

पावसाळ्यात एक दार फुगलं. गडकऱ्याने ते बाबुलीकडे धाडलं. बाबुलीने काय करावं? पाऊस सरल्यावर घरोघरी मासळी वाळत घालतात, तसं दारही अंगणात उन्हात टाकलं! दुपारपर्यंत सरस सुटला, कासवाची पाठ पापडासारखी वळली आणि एकेक पक्षी तडतडून फुटला.

गडकऱ्याने बाबुलीला कोठडीत घातलं. चांगुणेला निरोप आला, "पुनवेपर्यंत दार होतं तसं करून आण. नाहीतर मेस्ताला कड्यावरून लोटीन."

पितळ मिळेल, पण कासवाची पाठ? अंडी घालायला कासविणी नेमक्या त्याच दिवसांत किनाऱ्यावर येत. पण गाव त्यांना माहेरवाशिणी म्हणायचं. त्यांच्या वाटेवर हळदकुंकू वाहायचं.

सासूने कोयता हातात दिला. दिवेलागणीला चांगुणा पुळणीवर गेली. एक कासवीण वाळूत खड्डा करत होती. चांगुणेने कोयता उगारला. कासविणीच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. कोयता तिथेच टाकून चांगुणा पळत घरी आली.

"माजो झील जातलो गो!" लेकाच्या नावाने सासूने ऊर बडवला. "कासव तुजी कोण?"

"ती पण लेकच मां, आये."

मग चांगुणा दाराचे फुटके तुकडे मांडत बसली. पक्ष्याच्या चोचीपाशी करवत जराशी घसरलेली दिसली. पितळेतही तिथेच, तशीच घसरलेली! तिच्या ध्यानात आलं. फरासीस सुतार पितळ आणि कासवाची पाठ एकावर एक बांधून एकदमच कापतात. एका कापात दोन चित्रं निघतात. एकात पक्षी काळा, दुसऱ्यात पितळेचा. पाया पडायला तिने देवापुढे नारळ फोडला, तर करवंटी हातात राहिली. घासली, तेल लावलं. तांबूस काळी झळाळी आली. मग पितळ आणि करवंटीचे तुकडे एकत्र बांधून तिने वेली नि पक्षी कापले आणि दारावर जडवले.

पुनवेला सकाळी तिने दार गडावर नेलं. गडकऱ्याने पक्ष्यावर बोट फिरवलं.

"हे कासव नव्हे. निखारा आणा. कासवाची पाठ जळली की केस जळल्याची घाण येते."

कड्यावर बाबुलीला उभं केलेलं. चांगुणेचे दात वाजू लागले. चिमट्यातला निखारा पक्ष्याच्या पंखापाशी आला, आणि दरवाजावरचा पहारेकरी ओरडला. भर उन्हात कासविणी गड चढत होत्या. शेकड्याने. पायऱ्या ओल्या करत, एकीमागून एक. पहारेकरी गावचेच. त्यांनी भाले टाकले आणि दरवाजा सताड उघडला.

"ह्या इथे कशाला आल्या?" गडकरी मागे सरकला.

असं म्हणतात, तेवढा एक क्षण चांगुणा घाबरली नाही.

"माहेराक इलेल्या लेकीक 'कित्याक इलंस' असा इचारूचा नसता, सरकार."

निखारा फरशीवर पडला. बाबुली सुटला.

त्या कापातलं दुसरं चित्र चांगुणेने आपल्या घराच्या चौकटीवर ठोकलं. आजही कासवखोलात लेक सासरी निघाली की मेस्त फणसाची फळी आणि करवंटी एकत्र बांधून कासव कापतो. पिवळ्या फळीत काळं कासव माहेरच्या चौकटीवर बसतं, काळ्या करवंटीतलं पिवळं लेकीबरोबर जातं. करवत घसरली तर ती खूण कुणी घासून काढत नाही. दोन्ही कासवं एकाच कापातली, हे त्यावरूनच कळतं.

आणि तशी चौकट असलेल्या घरात लेक कधीही येवो, कशीही येवो, का आलीस म्हणून तिला कुणी विचारत नाही.