खुंटीवरचा फर्मा

एकदा एक मुलगी काखेत विमान मारून आपल्या गुरुजींच्या कार्यशाळेत शिरली, आणि तिचा चेहरा पाहताच बाकीच्या शिष्यांनी हातातली कामं खाली ठेवली. विमान हातभर लांबीचं, पण खरोखर उडणारं. ते नुकतंच मैदानाच्या टोकाला कुंपणात घुसलं होतं.

मुलीचं नाव ऋता. गुरुजी जन्मभर अशी छोटी विमानं घडवत आणि घडवायला शिकवत आले होते. तरुणपणी त्यांनी स्वतः आखून कापलेला एक लाकडी फर्मा भिंतीवर खुंटीला टांगलेला असे. त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेषेवर विमानाचं धड कापायचं, ही तिथली रीत. दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्या फर्म्यालाही कुंकू लावलं जाई, झेंडूचं फूल वाहिलं जाई. इतक्या वर्षांचं कुंकू त्याच्या नाकावर मुरून गेलं होतं.

ऋताला या पूजेचं हसू येई. शिकायला आली त्या वर्षीच तिने श्रीरंगदादाला, म्हणजे सगळ्यांत थोरल्या शिष्याला, विचारलं होतं की फर्म्याला नैवेद्य कशाचा दाखवता, सरसाचा की वॉर्निशचा? मोठ्या माणसांचं ‘आमच्याकडे असंच असतं’ हे उत्तर ऐकलं की तिच्या डोक्यात तिडीक जाई.

यंदाच्या कॉलेजांच्या स्पर्धेत विमानाने पोटात पाण्याची बाटली घेऊन लहानशा मैदानावरून उडायचं होतं. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष, तेव्हा ही शेवटचीच संधी. जुन्या इंजिनाला तो भार पेलेना, म्हणून तिने मोठं इंजिन आणलं. ते धडात मावेना, तर नाकाचे दोन्ही गाल कापून रुंद केले, आत जाड प्लाय चिकटवलं आणि थोरल्यांची बोलणी खात इंजिन बसवलंच. मग पंखांखाली दोन बोटं देऊन विमान उचलून पाहिलं, तर त्याने नाक खाली टाकलं. जड इंजिन त्याला पुढे ओढत होतं. तिने शेपटीत शिसं भरलं. तोल साधला, पण बाटली ठेवल्यावर विमान मैदानभर नुसतं धावलं, चाकं काही जमीन सोडेनात, आणि शेवटी ते कुंपणात घुसलं.

“मला याहून मोठं इंजिन लागणार,” ऋता गुरुजींना म्हणाली.

“आण की,” श्रीरंगदादा मागून म्हणाला. “मग आणखी शिसं आण. आणि शेवटी ओढायला एक बैलजोडी.”

“बैलजोडी जुंपीन, पण उडवीन.”

गुरुजींनी विमान हातात घेतलं, शेपटीचं वजन अजमावलं आणि ते उठले. त्यांनी खुंटीवरचा फर्मा उतरवला, बाकावर शिकंज्यात आवळला, आणि करवत घेऊन त्याचं नाक कापायला सुरुवात केली. करवत नेमकी कुंकवातून गेली. बाकावर तांबूस भुसा पडला.

श्रीरंगदादाचा हात त्यांना थांबवायला पुढे झाला आणि तसाच राहिला. नवल असं, की जिने त्या फर्म्याची आजवर टिंगल केली, त्या ऋताच्याही काळजात चर्र झालं.

कापलेला तुकडा गुरुजींनी तिच्या तळहातावर ठेवला.

“माझं इंजिन हलकं होतं,” ते म्हणाले. “हलक्या वजनाने शेपटीचा तोल सांभाळायचा, तर ते लांबवर धरावं लागतं. म्हणून मी नाक लांब आखलं. तुझं इंजिन जड आहे. त्याला मागे पंखांजवळ घे, म्हणजे शिसं लागणार नाही, आणि ते ओझं उतरलं की हेच इंजिन पुरेल. तू इंजिन बदललंस, गाल कापलेस, आमच्या सगळ्यांशी भांडलीस. पण नाकाच्या लांबीला करवत लावावी, हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. श्रीरंग फूल वाहून या फर्म्याची पूजा करतो. तू शेपटीत शिसं भरून केलीस, एवढंच.”

ऋताने करवतीसाठी हात पुढे केला.

दुपारभर ती कापत होती, जोडत होती. नाक आखूड झालं, इंजिन मागे सरलं, इंधनाची डबी पंखांखाली गेली. श्रीरंगदादा न सांगता धड धरून बसला होता. शेवटी तिने शेपटी उकलली, शिसं काढून बाहेर ठेवलं आणि पंखांखाली दोन बोटं दिली. विमान जागच्या जागी सरळ राहिलं.

स्पर्धेच्या दिवशी बाटली पोटात घेऊन ते निघालं, आणि कुंपण बरंच लांब असतानाच चाकांनी जमीन सोडली. श्रीरंगदादा इतका ओरडला की पंचांनी वळून पाहिलं.

कार्यशाळेत परतल्यावर ऋताने आखूड झालेला फर्मा पुसला आणि सवयीने खुंटीकडे हात नेला.

“तिथे नको,” गुरुजी म्हणाले. “बाकावरच असू दे. उद्या तुझ्या हाताखाली कुणीतरी शिकायला येईल, आणि याहून मोठं इंजिन आणेल.”

ऋताने फर्मा बाकावर ठेवला. मग तिने करवतही त्याच्या शेजारी ठेवली.