आईच्या हातचं लिंपण

नद्यांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्या गावातली एक मुलगी कोवळ्या वयातच दूरदेशी शिकायला गेली आणि मोठी होऊन परत आली.

वाटेने येताना तिने मनाशी बरंच काही रंगवलं होतं. तिचे वडील, आबा, वेशीवर उभे असतील. घर आईच्या वेळी असायचं तसं लख्ख असेल. आई गेल्याचा निरोप तिला एका वाटसरूकडून फार उशिरा मिळाला होता. तेव्हा ती पोटभर रडली होती आणि मग तिने मनाशी ठरवलं होतं, की आपण शिकलो ते सगळं गावाच्या कामी आणायचं. घरोघरची घाण काढायची. रोगराईला उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवू द्यायचं नाही.

वेशीवर कुणीच नव्हतं. आबा घराच्या ओट्यावर बसले होते. ती अगदी समोर जाऊन उभी राहिली, तरी त्यांनी मान उचलली नाही.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं, तेव्हा तिला कळलं की त्यांचे डोळे गेले आहेत.

ती पाया पडली. आबांनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "आईवर गेलीस गं बायो," एवढंच म्हणाले.

घरात कोळिष्टकं लोंबत होती. माजघरात धान्याची कणगी रिकामी उभी होती; बांबूची विणलेली, वरून शेणामातीने लिंपलेली. लिंपण जागोजाग तडकलं होतं. त्यातून मुंग्या ये-जा करत होत्या. एका बाजूला बोटांच्या रेघा वेड्यावाकड्या उमटल्या होत्या, कुठे खोल, कुठे नुसत्या टेकलेल्या. इतकं ओबडधोबड कुणी लिंपलं असेल, असं तिच्या मनात आलं. काम नीट न करणाऱ्यांचा तिला रागच होता.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी नेहमीप्रमाणे आबांना नदीवर न्यायला आली. मुलीला पाहून तिला आनंद झाला. "शिकून आलीस ते बरं झालं," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्यालाही काहीतरी शिकव. एवढं वय झालं, अजून त्याला हळू घोरता येत नाही."

मुलगी हसली. घर आवरायला मीही येते, असं काकी म्हणाली, पण मुलीने ऐकलं नाही. आज सगळं मी माझ्या हातांनी करणार, तुम्ही आबांना संध्याकाळपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, असं तिने सांगितलं. उद्या तुमच्या घरापासून सुरुवात करते, असा शब्दही दिला.

दिवसभर ती राबली. कोळिष्टकं काढली, भांडी घासली. मग शेणमाती कालवली. जुन्या लिंपणावर नवं धरत नाही, म्हणून आधी कणगी पाण्याने भिजवली आणि त्या वेड्यावाकड्या रेघा तळव्याने घासून सपाट केल्या. वर नवा थर दिला. कणगी अशी गुळगुळीत झाली, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दिवेलागणीला आबा आले. भिंतीच्या आधाराने ते सरळ माजघरात गेले आणि कणगीशी थांबले. त्यांनी उजवा हात वर नेला. हात थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग खाली. ते कितीतरी वेळ चाचपत राहिले.

"काकी," ते बाहेर वळून म्हणाले, "मला कुणाच्या घरी आणलंस?"

काकी दारातच होती. तिने कणगीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

त्या गावात एक रीत होती. बाई गेली, की तिने शेवटचं जे लिंपलं असेल, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. ते आपलं आपण झडेल तेवढं झडू द्यायचं. ही रीत कुणी कुणाला सांगत नसे, कारण ती माहीत नाही असं गावात कुणी नव्हतंच.

काकीने मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिची आई तापाने अंथरुणाला खिळली होती. पोर येईल तेव्हा घरात दाणा हवा, असं म्हणून एका सकाळी ती उठली आणि थरथरत्या हातांनी तिने कणगी लिंपायला घेतली. एकच बाजू झाली. पुढे आबांचे डोळे गेले; तेव्हापासून रोज सांजेला ते त्या रेघांत आपली बोटं ठेवून उभे राहत.

मुलगी धावत कणगीशी गेली. ओला थर ती नखांनी खरवडू लागली. पण नव्या मातीबरोबर जुनीही निघून येत होती; आईची कुठली, आपली कुठली, काही कळेना. शेवटी आतला बांबू दिसला.

"आबा, तुमच्या बोटांना ठाऊक आहे ना? तुम्ही सांगा, मी तशाच रेघा ओढते."

आबांनी तिचे चिखलाने भरलेले हात आपल्या हातांत धरले. "नको बायो," ते म्हणाले. "त्या तुझ्या होतील. तिच्या नाही होणार." मग त्यांनी विचारलं, "तू तरी एकदा बोटं ठेवून पाहिलीस का गं त्यात?"

तिने त्या रेघा तळव्याने पुसल्या होत्या. त्यात बोटं ठेवून पाहिली नव्हती.

सकाळी उरलेली शेणमाती परसात वाळून गेली होती. तिने ती भिजवली नाही. हात धुतले आणि कबूल केल्याप्रमाणे ती काकीच्या दारात जाऊन उभी राहिली. खराटा नाही, टोपली नाही.

"काकी, तुमच्या घरात कशाला हात लावायचा नाही, ते आधी मला सांगा. ते मी रोज एकेका घरात विचारणार आहे. साफसफाई त्यानंतर."

 काकीने मुलीचा हात धरला आणि तिला आत नेलं.

जुन्या वस्तूला हात लावण्याआधी, तिच्यावर कुणाचा हात फिरला आहे ते विचारावं.