झुपकीची लोकर आणि बसलेलं चाक

एक होती खार. तिचं नाव झुपकी. तिचं घरटं पेरूच्या झाडावर. घरट्यात तीन पिल्लं, आजच जन्मलेली. अंगावर एक केस नाही. वारा आला की पिल्लं कुडकुडायची. चीं चीं, चीं चीं.

झुपकीला कुंपणावर लाल लोकर सापडली. मऊ मऊ, उबदार. तिने ती तोंडात धरली आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

अंगणात निळी गाडी उभी होती. गाडीच्या मागच्या चाकापाशी झुपकी थांबली. लोकर खाली ठेवली. जरा दम घेतला.

तेवढ्यात आवाज आला. फुस्स्स्स्.

चाकाची हवा गेली. चाक खाली बसलं. बसलं ते लोकरीवरच बसलं.

झुपकीने लोकर ओढली. लोकर येईना. दातांनी ओढली. तरी येईना.

झुपकी म्हणाली, "चाका, चाका, माझी लोकर सोड. पिल्लं माझी निजेनात."

चाक म्हणालं, "मी नाही सोडणार. माझी हवा गेलीय. गाडी मला उचलेल, तर सोडीन."

झुपकी बॉनेटवर चढली. टुणुक टुणुक.

"गाडीताई, गाडीताई, चाक उचल.
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

गाडी म्हणाली, "मी नाही उचलणार. माझी मी कशी उठू? जॅक मला उचलेल, तर चाक उचलीन."

जॅक जिन्याखाली होता. बुटका, लाल, तेलकट. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"जॅकदादा, जॅकदादा, गाडी उचल.
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

जॅक म्हणाला, "मी नाही उचलणार. उचलता येतं मला, पण फार वेळ धरून ठेवता येत नाही. माझी मान भरून येते. स्टँड आधार देतील, तर उचलीन."

स्टँड भिंतीशी उभे होते. दोघे जुळे भाऊ. पाय फाकवून, ताठ. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"स्टँडभावांनो, स्टँडभावांनो, आधार द्या.
जॅक गाडी उचलेना,
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

स्टँड म्हणाले, "आम्ही नाही देणार. गाडी सरकली, तर आम्ही आडवे होऊ. ठोकळे पुढची चाकं अडवतील, तर देऊ."

ठोकळे फाटकापाशी पडले होते. लाकडी, जाडजूड. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"ठोकळ्यांनो, ठोकळ्यांनो, चाकं अडवा.
स्टँड आधार देईनात,
जॅक गाडी उचलेना,
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

ठोकळे म्हणाले, "आम्ही नाही अडवणार. सगळा भार आमच्यावरच का? आधी हँडब्रेक गाडी धरेल, तर अडवू."

हँडब्रेक गाडीच्या आत होता. खिडकी उघडी होती. झुपकी आत शिरली. टुणुक टुणुक.

"ब्रेककाका, ब्रेककाका, गाडी धरा.
ठोकळे चाकं अडवेनात,
स्टँड आधार देईनात,
जॅक गाडी उचलेना,
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

ब्रेककाका म्हणाले, "मी नाही धरणार. मला कुणी वर ओढायला हवं. शेवंतामावशी मला ओढेल, तर धरीन."

गाडी शेवंतामावशीचीच होती. मावशी पायरीवर बसून पोहे खात होती. चाक बसलेलं तिने पाहिलं होतं. ते बदलायचं तिच्या मनात होतंच. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"मावशी, मावशी, ब्रेक ओढ.
ब्रेक गाडी धरेना,
ठोकळे चाकं अडवेनात,
स्टँड आधार देईनात,
जॅक गाडी उचलेना,
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

मावशी म्हणाली, "अगं झुपके, मी नाही ओढणार. गाडीखाली खंड्या झोपलाय. कुणी खाली असलं, की मी गाडीला हात लावत नाही. हाका मारून दमले बघ. खंड्या बाहेर येईल, तर ओढीन."

खंड्या म्हणजे कुत्रा. गाडीच्या सावलीत घोरत होता. घुर्र घुर्र. झुपकी गेली टुणुक टुणुक. त्याच्या कानापाशी बसली.

"खंड्या, खंड्या, बाहेर ये.
मावशी ब्रेक ओढेना,
ब्रेक गाडी धरेना,
ठोकळे चाकं अडवेनात,
स्टँड आधार देईनात,
जॅक गाडी उचलेना,
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

खंड्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "मी नाही येणार. बाहेर फरशी तापलीय. इंदू मला पेरूखाली गोणपाट देईल, तर येईन."

इंदू म्हणजे मावशीची भाची. चार वर्षांची. पेरूच्या सावलीत गोणपाटावर बसली होती. समोर भातुकली मांडली होती. चूल, पातेलं, चार ताटल्या. झुपकी गेली टुणुक टुणुक. पण आता ती दमली होती. हळूच म्हणाली,

"इंदू, इंदू, गोणपाट दे.
खंड्या बाहेर येईना,
मावशी ब्रेक ओढेना,
ब्रेक गाडी धरेना,
ठोकळे चाकं अडवेनात,
स्टँड आधार देईनात,
जॅक गाडी उचलेना,
गाडी चाक उचलेना,
चाक लोकर सोडेना,
पिल्लं माझी निजेनात."

इंदूने चुलीकडे पाहिलं. म्हणाली, "माझा भात शिजतोय."

वारा आला. पानं हलली. वरून आवाज आला. चीं चीं, चीं चीं.

इंदूने वर पाहिलं. मग पातेलं उचललं. चूल उचलली. एक, दोन, तीन, चार ताटल्या उचलल्या. सगळं पायरीवर नेऊन ठेवलं.

"ये रे खंड्या," ती म्हणाली. "हे घे तुझं गोणपाट."

मग काय झालं?

खंड्या बाहेर आला. अंग झाडलं, फड फड फड. गोणपाटावर आडवा झाला.

मावशीने वाकून गाडीखाली पाहिलं. कुणी नाही.

"इंदू, तू पायरीवरच बस. मी सांगेपर्यंत उतरायचं नाही."

"बरं, मावशी."

मावशीने ब्रेक ओढला. कर्रर्र. ब्रेकने गाडी धरली.

ठोकळ्यांनी पुढची चाकं अडवली. ठक, ठक.

मावशीने पान्याने चाकाचे नट जरा सैल केले. मग जॅक गाडीच्या मागे गेला, बरोबर मधोमध. खाली फरशी सपाट आणि घट्ट. मावशी दांडा दाबू लागली. कुंई कुंई, कुंई कुंई. गाडी उचलली. चाक उचललं.

लाल लोकर मोकळी झाली. झुपकीला दिसली. ती धावली. टुणुक टु...

"थांब झुपके," मावशी म्हणाली. "नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही."

झुपकी थांबली. एक पाय हवेतच राहिला. लोकर इतकी जवळ होती. वर पिल्लं रडत होती. चीं चीं, चीं चीं. तरी झुपकी थांबली.

एक स्टँड या बाजूला. खट्.
दुसरा स्टँड त्या बाजूला. खट्.

आणि जॅक दमला. सुस्स्स्स्... त्याची मान खाली आली.

गाडी पडली का?

नाही पडली. स्टँडवर टेकली. जुळे भाऊ ताठ उभे होते.

मावशीने दोन्ही हातांनी गाडी ढकलून पाहिली. गाडी जागची हलली नाही.

"जा आता," मावशी म्हणाली.

झुपकी गेली टुणुक टुणुक. लोकर उचलली. एक टोक काळं झालं होतं. असू दे. तोंडात धरली आणि सरसर झाडावर चढली.

खाली मावशीने जुनं चाक काढलं. स्टेपनी लावली. जॅकने पुन्हा गाडी उचलली. स्टँड बाजूला झाले. गाडी हळूहळू खाली आली. मावशीने सगळे नट घट्ट आवळले.

"उतर गं इंदू. झालं."

इंदू उतरली. झाडाखाली गेली. मान वर करून ऐकू लागली.

इंदूने गोणपाट दिलं,
खंड्या बाहेर आला,
मावशीने ब्रेक ओढला,
ब्रेकने गाडी धरली,
ठोकळ्यांनी चाकं अडवली,
स्टँडनी आधार दिला,
जॅकने गाडी उचलली,
गाडीने चाक उचललं,
चाकाने लोकर सोडली,
आणि पिल्लं?

एक निजलं. दुसरं निजलं. तिसऱ्याने एक जांभई दिली, आणि तेही निजलं.

गोष्ट शिरली घरट्यात,
तुम्ही शिरा पांघरुणात.