रित्या मागाची कहाणी

ऐका विसावाई, तुझी कहाणी. बायांनो, हातातल्या अक्षता खाली ठेवा. बाकीच्या कहाण्यांना हातात अक्षता लागतात, हिला हात रिकामे लागतात.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला नदी होती, नदीला घाट होता, घाटाच्या वर कोष्ट्यांची आळी होती. घरागणिक एक माग होता. दिवस उजाडला की खट्-खट् सुरू व्हायचं, दिवे लागले की थांबायचं. आळीतल्या चिमण्यासुद्धा त्याच ठेक्यावर दाणे टिपायच्या.

त्या आळीत येसू नावाची कोष्टीण होती. घरात नवरा कान्हू, सासू म्हाळसाबाई. येसूच्या हाताला देणगी होती. तिनं पदरावर मोर विणला की नेसणारी पदर जपून धरायची, न जाणो उडाला तर. एकदा तिचं लुगडं राणीनं नेसलं. चालता चालता राणीला वाटलं, आपण नदीच्या पाण्यातून चाललो आहोत. मग राणीचा निरोप आला, महिन्याला एक लुगडं हवं. मग निरोप आला, पंधरवड्याला एक हवं. मग निरोप आला, आठवड्याला एक हवं.

आता त्या आळीची एक रीत होती. लुगडं विणून मागावरून उतरलं की माग तीन दिवस रिता ठेवायचा. नव्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावायची, उन्हात वाळवायचा, एकेक धागा मागाच्या फणीत ओवायचा. हे काम पुरुषांचं. पाय सोडून विणायला बसतात त्या मागाच्या खड्ड्यात विणणारीनं त्या तीन दिवसांत पाय टाकायचा नाही. तिनं न्हावं, केस वाळवावेत, मैत्रिणीकडे जावं, भिंतीला टेकून बसावं. ही रीत कुणी घातली, का घातली, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

येसूला आठवडा पुरेना. मग तिनं काय केलं? लुगडं कापून घेतलं, पण जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवली. एकेका टोकाला नव्या ताण्याचं एकेक टोक पिळून जोडलं. ओवणं वाचलं, तीन दिवस वाचले. जोडला ताणा, ओढला पुढे, पुन्हा खट्-खट् सुरू. माग काही रिता झाला नाही. कान्हूनं चावडीवर कौतुक सांगितलं. म्हाळसाबाईनं आळीत दारोदार सांगितलं, आमच्या सुनेचा माग थांबत नाही. मग घरोघरी तसेच ताणे जोडायला लागले. येसूलाही बरं वाटलं. कुणाला नाही वाटत?

एके दिवशी भर दुपारी एक म्हातारी दारात आली. केस पिंजलेल्या कापसासारखे, अंगावर विटकं लुगडं. म्हणाली, मुली, जरा बस माझ्यापाशी, पायात काटा मोडलाय. येसू म्हणाली, एवढा काठ पुरा करते आणि बसते, आजी. काठ पुरा झाला, म्हातारी नव्हती.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा आली. म्हणाली, जरा बस, माझी वेणी घाल. येसू म्हणाली, एवढा पदर होऊ द्या, आजी. पदर झाला, म्हातारी नव्हती.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा आली. म्हणाली, काटा नाही, वेणी नाही, मला काही नको. नुसती बस. येसूचा हात ताण्यातून धावणाऱ्या धोट्यावर होता. तिनं नुसती नकाराची मान हलवली. म्हातारी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बरं बाई. तुझं चालू दे. माझ्यामागून आणखी एक यायची होती, तिला सांगते, तिथे अजून जागा झालेली नाही."

म्हातारी गेली. मग दिवस गेले, महिने गेले. येसूची महिन्याची वेळ चुकली. ती मनात हरखली. दुसराही महिना चुकला. म्हाळसाबाईनं आळीत गूळ वाटला, पाळण्याची दोरी काढून उन्हात टाकली. तिसऱ्या महिन्यात सुईणीला बोलावलं. सुईणीनं पोट चाचपलं, डोळे पाहिले, नखं पाहिली. मग हात धुवून म्हणाली, पोटात कुणी नाही. अंग दमलंय. दमलेलं अंग आधी हेच दार लावून घेतं.

ज्या आळीत गूळ वाटला, त्याच आळीतून येसूला पाण्याला जायचं होतं. कुणी काही बोलायचं नाही, पण बोलणं चाललेलं थांबायचं. म्हाळसाबाई मात्र बोलायची. सून राणीला पुरते, घराला पुरत नाही म्हणायची. एक दिवस कान्हूला बाजूला घेऊन म्हणाली, येत्या माघापर्यंत पाहू, नाहीतर दुसरी करू, माझ्या माहेरची मुलगी आहे. येसूनं मागावरून सगळं ऐकलं. कान्हू काय म्हणाला? काही म्हणाला नाही. ते काही न म्हणणंच येसूला लागलं. आणि मग तिनं काय केलं? आणखी जोरात विणू लागली. दुःख झालं की तिला तेवढंच येत होतं.

अशाच एका दुपारी विणता विणता तिचा डोळा लागला. हात चालूच होते, हातांना आता डोळे लागत नव्हते. तिला दिसलं, नदीचा घाट आहे. पाणी दुधासारखं पांढरं, वर एक ढग विणायला घेतल्यासारखा अर्धा. शेवटच्या पायरीवर एक चिमुरडी पाण्यात पाय सोडून बसली आहे, हनुवटी गुडघ्यावर. येसूनं विचारलं, कुणाची गं तू? चिमुरडी म्हणाली, "तुमच्याकडे यायचं होतं. तीनदा येऊन गेले. घर आहे, चूल आहे, बाप आहे. तूच कुठे दिसत नाहीस. जिथे बघावं तिथे धागेच आहेत."

येसूनं हात पुढे केला. हाताला फणी लागली, जाग आली.

पाहते तो शेजारची ठकूबाई भिंतीवरून डोकावलेली. ठकूबाईची सवयच ती. कुणाच्या चुलीवर काय आहे, कुणाच्या डोळ्यांत काय आहे, तिला आधी कळायचं. ती म्हणाली, झोपेत रडत होतीस गं. येसूनं आधी नाही म्हटलं, मग सगळं सांगितलं. ठकूबाई भिंतीवरून उतरली, वळसा घालून घरात आली आणि म्हणाली, तुझ्या दारात आली होती ती विसावाई. तिचा वसा घे, मी किती वर्षं पाळते आहे. येसूनं विचारलं, वसा कसा घ्यावा? काय करावं?

ठकूबाई म्हणाली, "पाच मंगळवार धरावेत. ऊन माथ्यावर आलं की उंबऱ्याशी पाट मांडावा. पाटावर मूर्त ठेवू नये, सुपारी ठेवू नये, आपणच बसावं. हात मांडीवर उताणे ठेवावेत. नैवेद्य आपण करू नये, दुसऱ्यानं केलेला आपण खावा. ऊन उतरेपर्यंत उठू नये. उतू नये, मातू नये, आणि बसल्याबद्दल लाजू नये."

येसूला वाटलं, हे तर सोपं. पण बायांनो, ऐका तिनं काय केलं.

पहिला मंगळवार आला. येसू पहाटे उठली. घर सारवलं, पाट घासला, अंगणभर रांगोळी काढली, विसावाईसाठी पुरण वाटलं. बसायची वेळ झाली तेव्हा पाठ धरली होती. देवी आली नाही. येईल कशी, तिला बसायलाच बोलावलं होतं आणि इथे धावपळ चाललेली.

दुसरा मंगळवार आला. येसूनं काही केलं नाही, पाटावर बसली. पण शेजारी रहाट घेतला. नुसती काय बसू, बसल्या बसल्या सुताच्या कांड्या भरते म्हणाली. ऊन उतरेपर्यंत टोपलीभर कांड्या भरल्या. देवी आली नाही.

तिसरा मंगळवार आला. येसू पाटावर बसली, हात उताणे ठेवले. पण हे बसणं भरून काढायला आदल्या दिवशी तिनं दोन दिवसांचं विणून ठेवलं होतं. हात उताणे होते, पण अंग आदल्या दिवसाचं दमलेलंच होतं. देवी आली नाही. उलट बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि तोच घाट दिसला. चिमुरडी आता पायरीवरून उठली होती. पाठमोरी होती. पलीकडून एक होडी येत होती आणि ती होडीकडे बघत होती.

येसू दचकून उठली. मागाकडे गेली. मागावर राणीचं लुगडं अर्धं झालेलं, चार दिवसांत वाड्यावर सण. तिनं कातर घेतली. क्षणभर थांबली, आपणच विणलेल्या मोराकडे पाहिलं. मग ताणा आरपार कापला. जुनी टोकं, जुन्या गाठी, फणीतलं सगळं ओढून काढलं. घरातलं खट्-खट् थांबलं. दारातल्या चिमण्या दाणे टिपायच्या थांबल्या. येसू येऊन पाटावर बसली.

म्हाळसाबाई धावत आली. रित्या मागाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. म्हणाली, "ऊठ."

"उठत नाही, आई."

"राणीला काय सांगायचं?"

"सांगा, येसू बसली आहे."

म्हाळसाबाई तिथेच उभी राहिली. रागवायला तोंड उघडलं, तर वेगळंच तोंडातून आलं. म्हणाली, कान्हूच्या आधी माझी दोन गेली. पोटात होती तेव्हा दोन्ही वेळा मी ह्याच खड्ड्यात पाय सोडून होते. माझी सासू म्हणाली होती, सगळ्याच विणतात. मीही तेच म्हणत आले. आणि ती बोलता बोलता भिंतीला टेकली, हळूहळू खाली बसली. येसूनं पाहिलं, सासूला नुसतं बसलेलं तिनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

कान्हू आला. दोघी बसलेल्या, चूल थंड, माग रिता. त्याला काय करावं कळेना. येसू म्हणाली, "माघाची वाट बघू नका. मुलगी आणायची असेल तर उद्या आणा. पण तिलाही ह्याच मागावर बसवणार असाल, तर तिच्याही पोटाशी कुणी येणार नाही."

कान्हू खाली मान घालून उभा राहिला. मग आत गेला. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, धूर आला, खोकला आला. मग तो पिठलं-भाकरी घेऊन आला. भाकरी एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची. येसूनं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. कान्हू म्हणाला, माझ्या माहेरची कुणी येणार नाही. म्हाळसाबाई म्हणाली, अरे, माहेर माझं, तुझं कुठलं? तेव्हा तिघंही हसली.

चौथ्या मंगळवारी राणीचा शिपाई आला. येसू बसली आहे, असं सांगून परत पाठवला. मग कारभारी आला. तोही तसाच परत गेला. मग राणी स्वतः मेण्यातून आली. रागानं लाल होऊन दारात उभी राहिली. विचारलं, काय करते आहेस? येसू म्हणाली, काही नाही. राणीनं हे उत्तर आजवर ऐकलं नव्हतं. तिच्यापुढे सगळे काहीतरी करतच असायचे. तिनं आळीकडे पाहिलं. घरोघरी ताणे जोडलेले, घरोघरी बायका वाकलेल्या, आणि कुठेही पाळणा हलत नव्हता. तिला अंगावरचं लुगडं जड वाटू लागलं. येसू पाटावर थोडी सरकली. राणी क्षणभर घुटमळली, मग बसली. दोघींच्या मध्ये केव्हातरी पिंजलेल्या कापसाच्या केसांची एक म्हातारी येऊन बसली होती. ती कुठून आली ते कुणी पाहिलं नाही. तिनं काही मागितलं नाही, काही दिलं नाही. ऊन उतरलं, तेव्हा तिची जागा ऊबदार होती एवढंच.

राणीनं दवंडी पिटवली, नगरात लुगडं उतरलं की तीन दिवस माग रिता राहील, वाड्यालाही थांबावं लागेल.

पाचवा मंगळवार झाला. वसा पुरा झाला. मग एके सकाळी येसूची महिन्याची वेळ आली. न आलेल्या लेकरासाठी रडली नव्हती इतकी ती त्या दिवशी रडली, आणि ते सुखाचं रडणं होतं. अंगानं दार उघडलं होतं. महिन्यामागून महिना वेळेवर आला. पुढच्या चैत्रात चुकला. ह्या वेळी कुणी गूळ वाटला नाही. म्हाळसाबाईनं फक्त सुनेच्या हातातला झाडू काढून घेतला.

नऊ मास पुरे झाले, येसूला मुलगी झाली. बारशाला आळी लोटली. सगळ्या गेल्यावर ठकूबाई मागे राहिली, पाळण्याला झोका देत. येसूच्या मनात कधीचं होतं ते तिनं विचारलं. म्हणाली, ठकूबाई, वसा तुम्ही मला दिलात. तुम्ही तर किती वर्षं पाळता. तुमच्या अंगणात मात्र कुणी खेळलं नाही. मग तुम्हाला काय मिळालं?

ठकूबाईनं बाळाच्या कपाळावरची माशी हाकलली. मग म्हणाली, "पहिली पाच वर्षं मी लेकरासाठी बसले. मग एकदा बसले आणि मागायचंच विसरले. त्या दिवशी मला माझ्या अंगणातली जाई दिसली, कितीतरी दिवसांनी. मुली, विसावाई लेकरू देते की नाही, ते तिचं तिला ठाऊक. मी बसते तेव्हा मी माझ्या घरी असते. मला एवढं पुष्कळ झालं." आणि तिनं पाळण्याची दोरी येसूच्या हाती न देता स्वतःच ओढली, म्हणाली, तू पड जरा.

जशी विसावाई येसूला प्रसन्न झाली, तशी तुम्हाआम्हाला होवो. जिला लेकरू हवं तिला लेकरू होवो, जिला नको तिला कुणी न टोचो, जिला झालं नाही तिला तिची दुपार मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता कुणी लगेच उठू नका.