टिंबीचा कण आणि अडलेली लहर

एक होती मुंगी. टिंबाएवढी. म्हणून तिचं नाव टिंबी.

टिंबी राहायची फरशीच्या फटीत, टेबलाच्या पायाशी. टेबलावर होता कॉम्प्युटर. मोठ्ठा! आणि कॉम्प्युटरसमोर, उंच खुर्चीवर, रोज दुपारी जेवायला बसायची जाई. साडेतीन वर्षांची.

जाईची आई होती लांब. खूप खूप लांब. ती रेल्वेचं इंजिन चालवायला शिकत होती. कूऽऽऽ!

रोज दुपारी आईला जेवणाची सुट्टी व्हायची. मग कॉम्प्युटर वाजायचा. टिंग टिंग टिंग! आणि आई दिसायची.

जाई गूळपोळीचा घास आईपुढे धरायची. "आई, आ कर!"

"आऽऽऽ!" आई म्हणायची. "हा घास आईचा. आता पुढचा घास जाईचा!"

जाई घास खायची. खाता खाता एक कण खाली पडायचा. टप्!

तो कण टिंबीचा. रोजचा. हक्काचा.

पण एके दिवशी काय झालं?

आई दिसली. आई म्हणाली, "जाई, आज मी..."

आणि गेली की! कॉम्प्युटरवर नुसतं एक चाक. गोल गोल, गोल गोल.

बाबांनी कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा चालू केला. तरी चाकच. गोल गोल, गोल गोल.

"थांब हं जाई, दूध उतू जातंय!" म्हणत बाबा स्वयंपाकघरात पळाले.

जाईने ताट ढकललं. "आई नाही, तर मला जेवायचं पण नाही!" आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. गाल फुगवून. अस्से!

जाई जेवली नाही. कण पडला नाही. टिंबीचं पोट म्हणालं, कुर्र कुर्र.

टिंबी रडली का? छे! टिंबीने मिश्या ताठ केल्या.

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी टेबलावर चढली. कॉम्प्युटरपाशी गेली.

"कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, आई दाखव ना!
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

कॉम्प्युटर म्हणाला, "कशी दाखवू? आई येते लहरीवर बसून. ती लहर धरतो डोंगल. डोंगलने लहर धरली, तर मी आई दाखवेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी कॉम्प्युटरच्या पाठीमागे गेली. तिथे चिकटला होता डोंगल. बोटाच्या पेराएवढा.

"डोंगलभाऊ, डोंगलभाऊ, लहर धर ना!
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

डोंगल म्हणाला, "कशी धरू? मी केव्हाचा हात पसरून बसलोय. लहर येतच नाही. राउटरने लहर धाडली, तर मी धरेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी टेबल उतरली. भिंत चढली. वर फळीवर बसला होता राउटर. दोन काळ्या शेंड्या ताठ करून.

"राउटरकाका, राउटरकाका, लहर धाडा ना!
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

राउटर म्हणाला, "कशी धाडू? माझे दिवे बघ. एक हिरवा, दोन हिरवे, तीन हिरवे. मी ठणठणीत आहे! पण मघाशीच कुणीतरी हा स्टीलचा डबा माझ्या तोंडासमोर ठेवला. लहर जाते, डब्यावर आपटते, ठण्ण! आणि परत येते. डबा सरला, तर मी धाडेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

फार लांब जायचं नव्हतं. तुरु तुरु. दोनच पावलं.

"डबेमामा, डबेमामा, बाजूला सरा ना!
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

डबा म्हणाला, "कसा सरू? माझ्या पोटात गच्च पीठ. गिरणीतून आलोय मी, गरम गरम! अण्णांनी उचललं, तर मी सरेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी खिडकीपाशी गेली. तिथे आरामखुर्चीत बसले होते अण्णा. अण्णा म्हणजे जाईचे आजोबा. त्यांच्या मांडीवर झोपली होती माऊ. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"अण्णा, अण्णा, उठा ना!
डबा सरेना,
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

"शूऽऽऽ!" अण्णा हळूच म्हणाले. "कसा उठू? माऊची झोप मोडेल ना! माऊ हलली, तर मी उठेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!" टिंबीपण हळूच म्हणाली.

तुरु... तुरु... तुरु... टिंबी अण्णांच्या धोतरावरून चढली. माऊच्या कानापाशी गेली.

"माऊताई, माऊताई, हल ना!
अण्णा उठेनात,
डबा सरेना,
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

माऊने एक डोळा उघडला. हिरवा हिरवा डोळा! म्हणाली, "कशी हलू? माझी वाटी रिकामी. बाबांनी दूध ओतलं, तर मी हलेन." आणि डोळा मिटला.

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी स्वयंपाकघरात गेली. बाबा ओट्यापाशी उभे होते. केवढे मोठे पाय बाबांचे! टिंबी घाबरली का? छे! टिंबी ओट्यावर चढली.

"बाबा, बाबा, दूध ओता ना!
माऊ हलेना,
अण्णा उठेनात,
डबा सरेना,
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

बाबा वाकले. "अरे, मुंगी! कसं ओतू? दूध आत्ताच उकळलंय. माऊची जीभ पोळेल. दूध निवलं, तर मी ओतेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी दुधाच्या पातेल्यापाशी गेली. फार जवळ नाही हं! हाऽऽऽ होईल ना. लांबूनच म्हणाली,

"दुधोबा, दुधोबा, निवा ना!
बाबा ओतेनात,
माऊ हलेना,
अण्णा उठेनात,
डबा सरेना,
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

दूध म्हणालं, "फू फू! कसं निवू? वारा कुठाय? पंखा फिरला, तर मी निवेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. ओट्याशेजारी स्टुलावर होता पंखा. निळ्या पात्यांचा. जाळीतला.

"पंखेराव, पंखेराव, फिरा ना!
दूध निवेना,
बाबा ओतेनात,
माऊ हलेना,
अण्णा उठेनात,
डबा सरेना,
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

पंखा म्हणाला, "कसा फिरू? हे पिवळं बटण दिसतंय ना? हे जाईचं बटण. दुसऱ्या कुणी दाबलं, की जाई रडते. 'मी दाबणार, मी दाबणार!' जाईने बटण दाबलं, तर मी फिरेन."

"हात्तिच्या! एवढंच ना? जातेच मी!"

तुरु तुरु तुरु. टिंबी परत आली. टेबलाखाली गेली. जाई तिथेच होती. गाल फुगलेले. डोळे ओले.

टिंबी जाईच्या गुडघ्यावर चढली. मोठ्ठा श्वास घेतला. आणि म्हणाली,

"जाई, जाई, बटण दाब ना!
पंखा फिरेना,
दूध निवेना,
बाबा ओतेनात,
माऊ हलेना,
अण्णा उठेनात,
डबा सरेना,
राउटर धाडेना,
डोंगल धरेना,
आई दिसेना,
जाई जेवेना,
आणि माझा कण मला मिळेना!"

जाई म्हणाली, "मी नाही जा! आई दिसली, तर मी बटण दाबेन."

अरेच्चा! आता?

टिंबीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. पोट म्हणत होतं, कुर्र कुर्र. टिंबीच्या मिश्या जरा खाली वाकल्या. अगदी जराश्या.

पण जाई विचार करत होती. "ए मुंगी," ती म्हणाली, "जी जेवेना ती जाई कोण गं?"

"तूच की!"

"मीच?"

"तूच! तू बटण दाबलंस, की पंखा फिरेल. पंखा फिरला, की दूध निवेल. असं करत करत डबा सरेल, अडलेली लहर सुटेल, आणि आई दिसेल. तू आईसाठी थांबलीस, आणि सगळे तुझ्यासाठी थांबलेत!"

"सगळे? अण्णापण?"

"अण्णापण!"

"पण मी तर एवढीशीच आहे."

"आणि मी केवढी आहे?"

जाईने टिंबीकडे पाहिलं. अगदी जवळून पाहिलं. टिंबाएवढी मुंगी! आणि ती भिंत चढून आली होती. जाईचे फुगलेले गाल फुस्स झाले. जाई हसली.

आणि जाई उठली!

छुन छुन छुन, जाई पळाली. पिवळं बटण दाबलं. खट्ट!

पंखा फिरला. भिर्र भिर्र भिर्र.

दूध निवलं. फूऽऽऽ.

बाबांनी दूध ओतलं. "माऊऽऽ, ये ये ये!"

माऊ हलली. टुणकन उडी! दुधाच्या वाटीपाशी. लप लप लप.

अण्णा उठले. "हुश्श! पायाला मुंग्या आल्या." जाई म्हणाली, "अण्णा, अण्णा, तो डबा! लहर अडलीय!" अण्णांनी डब्याकडे बघितलं. कपाळावर हात मारला. "अरे, हा तर मघाशी मीच ठेवला! चल रे डब्या, तुझी जागा खाली." हेऽऽ हुप्प!

डबा सरला.

राउटरने लहर धाडली. सूंऽऽऽ.

डोंगलने लहर धरली. टिक!

कॉम्प्युटरवरचं चाक थांबलं. गोल गोल... गोल... गोल. आणि...

टिंग टिंग टिंग!

आई दिसली!

"जाई! अगं होतीस कुठे? माझी सुट्टी संपत आली. मला वाटलं, आज काही माझी चिमणी दिसत नाही." आईचा आवाज जरासा ओला होता.

"आई, लहर अडली होती. मी बटण दाबलं! अण्णांनी डबा उचलला! आणि मुंगीने सगळ्यांना सांगितलं!"

"हो का? मग आता आधी कोण जेवणार?"

जाई खुर्चीवर चढली. गूळपोळीचा घास घेतला. आईपुढे धरला. "आई, आ कर!"

"आऽऽऽ!"

पुढचा घास जाईने खाल्ला. मटामटा. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. ताटात उरला एकच तुकडा, कडेचा, गुळाने चिकट झालेला. त्या दिवशी कण आपोआप पडला नाही. जाईने तो तुकडाच दोन बोटांत धरला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. तिथे चढून आलेल्या टिंबीच्या अगदी पुढ्यात.

"हा तुझा," जाई म्हणाली.

केवढा कण! टिंबीहून मोठा! टिंबीने तो डोक्यावर घेतला. पाय लटपटले. कण डुगडुगला. पडला का? छे! तुरु तुरु तुरु, टिंबी टेबल उतरली आणि आपल्या फटीत गेली.

तिकडे आईचं इंजिन म्हणालं, कूऽऽऽ! इकडे टिंबीचं पोट म्हणालं, गप्प!

आईचा घास आईला, जाईचा जाईला,
टिंबीचा कण टिंबीच्या पोटात,
आणि हा तुझा घास...
आ कर बघू! तुझ्या ओठात!